घाम निवू द्या, मग पाण्यात उतरा

दिवाळीचा फराळ संपत आला, की आपल्याकडे सहलींचे बेत सुरू होतात. कॉलनीतली मंडळी, ऑफिसचा ग्रुप, शाळेचे जुने सोबती मिळून एखादी मिनीबस ठरवतात. पहाटे निघायचे, डोंगर चढायचा, दुपारी पाण्यात डुंबायचे आणि रात्री घरी परत यायचे. नाशिककरांना यासाठी लांब जावे लागत नाही. घोटीहून भंडारदऱ्याच्या रस्त्याला वळले, की तास-दीड तासात आपण कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याच्या दारात असतो. १९८६ साली जाहीर झालेल्या या अभयारण्यात महाराष्ट्राचे सर्वोच्च शिखर कळसूबाई (१६४६ मीटर) आहे. त्याच्या पायथ्यापासून थोड्याच अंतरावर प्रवरेवरचा, १९२६ साली पूर्ण झालेला भंडारदऱ्याचा विल्सन बंधारा व त्याचा विस्तीर्ण जलाशय आहे. एका दिवसात डोंगर आणि पाणी दोन्ही साधतात, म्हणूनच या सहलीची लोकांना एवढी ओढ असते.

अशी सहल आरोग्याला उत्तम आहे, हे आधीच सांगून टाकतो. वर्षभर खुर्चीत बसणाऱ्याला मोकळी हवा मिळते, हृदयाला आणि फुफ्फुसांना काम मिळते, मन ताजे होते. पण या एका दिवसात आपण शरीराला दोन अगदी वेगळ्या परीक्षांना बसवतो. या दोन परीक्षांच्या मधल्या वेळेत काय होते, याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. आजचा लेख त्याच मधल्या वेळेबद्दल आहे.

पट्टीचा पोहणारा

काही वर्षांपूर्वी, एका सोमवारी सकाळी दवाखान्यात सेहेचाळीस वर्षांचे एक गृहस्थ आले. बँकेत नोकरी, प्रकृती धडधाकट. लहानपणी गावाकडच्या विहिरीत पाठीला डबा बांधून पोहायला शिकलेले आणि आजही तलावावर नियमाने जाणारे. तक्रार होती खोकल्याची आणि छातीत भरून आल्यासारखे वाटण्याची.

आदल्या दिवशी ते बावीस जणांबरोबर कळसूबाईला गेले होते. बारी गावचा एक तरुण वाटाड्या सोबत होता. चढून उतरेपर्यंत दुपारचे दोन वाजले. नंतर मंडळी जलाशयाच्या काठी गेली. हे घामाने निथळत होते, वर ऊन होते आणि समोर निळेशार पाणी. वाटाड्या म्हणाला, "साहेब, अंग निवू द्या अगोदर." यांनी हसून शर्ट काढला आणि सरळ उडी घेतली.

"पाण्यात पडलो आणि श्वासच सापडेना," ते मला सांगत होते. "छाती आवळल्यासारखी झाली. दोन घोट पाणी नाकातोंडात गेले. हात मारायला गेलो तर पायात गोळा आला. ओरडायचे होते, पण आवाज फुटेना. काठावर सगळे हसत होते. त्यांना वाटले, मी गंमत करतोय."

वाटाड्या मात्र हसत नव्हता. त्याने दोराला बांधलेला रिकामा प्लॅस्टिकचा डबा फेकला. यांच्या हाताला तो लागला, म्हणून सोमवारी सकाळी ते माझ्यासमोर बसले होते. मी लगेच एक्स-रे काढायला लावला. एका फुफ्फुसात थोडे पाणी गेल्याची खूण दिसत होती. दोन दिवस रुग्णालयात ठेवावे लागले, पण निभावले.

पट्टीचे पोहणारेच बुडतात, असे आपल्याकडे म्हणतात. याची कारणे समजून घेण्यासाठी या गृहस्थांचा दिवस सकाळपासून पाहू.

चढण : हृदयाची परीक्षा

बारीपासून शिखरापर्यंत सुमारे आठशे मीटरची उभी चढण आहे. साधारण माणसाला वर जायला तीन तास लागतात. काही अवघड टप्प्यांवर लोखंडी शिड्या आहेत. नवरात्रात पंचक्रोशीतल्या बायाबापड्या देवीच्या दर्शनाला हा डोंगर सहज चढून जातात. त्यांचे पाहून आपणही तसेच चढू, असे समजू नये. त्यांची रोजची चालच डोंगरातली असते, तर आपली जिना चढण्यापुरती.

या उंचीवर हवा विरळ होऊन त्रास होण्याची भीती नाही. तो त्रास साधारणपणे अडीच हजार मीटरच्या वर सुरू होतो. कळसूबाईवर दम लागतो तो केवळ श्रमामुळे. चढताना मांड्यांचे आणि पोटऱ्यांचे स्नायू भरपूर रक्त मागतात, हृदय जोरात चालते. अंग तापते, ते थंड करण्यासाठी कातडीकडेही रक्त वळते आणि घाम सुटतो. म्हणजे एकाच पंपावर दोन नळ सोडल्यासारखी स्थिती होते.

वेग किती ठेवावा? चालता चालता सोबत्याशी पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे. दोन शब्दांनंतर थांबावे लागत असेल, तर वेग जास्त आहे असे समजा. तरुण पोरांशी स्पर्धा करू नका. जाण्याआधी तीन-चार आठवडे पांडवलेण्यांच्या पायऱ्या आठवड्यातून तीनदा चढा-उतरा. तिथे धाप लागून छातीत दुखत असेल, तर कळसूबाईचा विचार बाजूला ठेवून आधी डॉक्टर गाठा. चाळिशीपुढची मंडळी, रक्तदाब, मधुमेह किंवा हृदयविकार असलेले, धूम्रपान करणारे आणि घरात लहान वयात हृदयविकाराचा इतिहास असलेले, या सर्वांनी तपासणी करून घेतल्याशिवाय निघू नये.

चढताना छातीत जडपणा, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, गार घाम, मळमळ यांपैकी काहीही जाणवले, तर तेथेच बसा. "आता एवढेच तर राहिले आहे" असे म्हणून पुढे जाऊ नका आणि चालत खालीही उतरू नका. इतरांनी उचलून खाली आणावे व १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. डोंगरात मोबाइलला सर्वत्र रेंज मिळत नाही. ती कोठे मिळते हे वाटाड्याला ठाऊक असते, म्हणून चढायला लागण्यापूर्वीच त्याला विचारून ठेवा.

पाणी, मीठ आणि शिदोरी

हिवाळ्यात तहान कमी लागते, पण घाम जातोच. तासाला साधारण अर्धा लिटर पाणी घोटाघोटाने प्यावे. प्रत्येकाने निदान दोन-अडीच लिटर पाणी बरोबर ठेवावे. नुसतेच पाणी ढोसत राहणेही बरे नाही, कारण घामातून मीठही जाते. एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घातले, की घरचे जलसंजीवनी पेय तयार होते. त्यात लिंबू पिळायला हरकत नाही. खायला गूळ-शेंगदाणे, दशमी, राजगिऱ्याचे लाडू न्यावेत. तळलेले वडे आणि वेफर्स घरी आल्यावर खा.

ओढ्याचे पाणी स्वच्छ दिसते, पण वरच्या अंगाला गुरे आणि माणसे असतात. कावीळ, विषमज्वर, जुलाब यांचे जंतू डोळ्यांना दिसत नाहीत. पाणी उकळलेले किंवा क्लोरीनची गोळी टाकून अर्धा तास ठेवलेलेच प्यावे.

मधुमेहींसाठी दोन सूचना. गोळी किंवा इन्सुलिन घेऊन उपाशी चढू नका. खिशात साखर ठेवा आणि हातपाय थरथरू लागले की लगेच तोंडात टाका. दुसरे म्हणजे नवे बूट घालून जाऊ नका. फोड आलेला कळत नाही आणि त्याची जखम महिनोन्‌महिने पुरते.

उतार : गुडघ्यांची परीक्षा

चढताना दम जातो, तर उतरताना गुडघे जातात. उतारावर मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच शरीराचा भार झेलत असतो. या कामात त्याचे तंतू सूक्ष्म प्रमाणात दुखावतात. म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना "आई गं" होते. ही दुखणी आपोआप बरी होतात, हलके चालत राहावे. मात्र लघवी गडद तपकिरी, कोऱ्या चहासारखी होऊ लागली, तर ताबडतोब डॉक्टरांकडे जावे. स्नायूंची फार मोडतोड झाल्याची ती खूण असते आणि त्याचा मूत्रपिंडांवर परिणाम होऊ शकतो.

उतरताना हातात काठी ठेवा, पावले लहान टाका आणि शिडीवरून तोंड शिडीकडे करूनच उतरा.

आता लक्षात घ्या. आपले बँकेतले गृहस्थ दुपारी दोन वाजता पायथ्याशी आले, तेव्हा त्यांच्या मांड्या थकलेल्या होत्या, अंगातले पाणी आणि मीठ कमी झाले होते, कातडीतल्या रक्तवाहिन्या फुललेल्या होत्या आणि नाडी अजून जोरात चालत होती. नेमक्या अशा वेळी त्यांनी उडी घेतली.

गार पाण्यात काय घडते?

"घामाघूम असताना पाण्यात उतरू नये" हे आपल्या आजीचे वाक्य. शास्त्रही तेच सांगते. तापलेल्या कातडीला अचानक गार पाणी लागले, की माणूस इच्छा नसताना जोराने श्वास आत ओढतो. नेमके त्या क्षणी तोंड पाण्याखाली असले, तर हवेऐवजी पाणी आत जाते. पुढे मिनिटभर श्वास भराभर चालतो आणि तो रोखून धरता येत नाही. कातडीच्या रक्तवाहिन्या एकदम आकुंचन पावतात, रक्तदाब वाढतो, हृदयावर ताण पडतो. हृदय आधीच कमकुवत असेल तर त्याचा ठेका बिघडू शकतो. यासाठी पाणी हिमालयातल्याइतके गार असावे लागत नाही. पंचवीस अंशांच्या खालच्या पाण्यातही श्वासावर परिणाम जाणवू लागतो. डिसेंबर-जानेवारीत आपल्या जलाशयांचे पाणी यापेक्षा गार असू शकते. पृष्ठभाग उन्हाने कोमट लागला, तरी हातभर खाली ते थंडगार असते. शिवाय पाणी हवेपेक्षा सुमारे पंचवीसपट वेगाने अंगातली ऊब ओढून घेते.

त्यात भर थकलेल्या स्नायूंची. दमलेल्या पोटरीत गोळा येणे अगदी स्वाभाविक आहे. तसे झाले तर घाबरून हातपाय मारू नयेत. पाठीवर उताणे तरंगावे, पायाचा अंगठा हाताने आपल्याकडे ओढावा आणि श्वास सावरल्यावर हातांनी वल्हवत काठाला यावे.

तलावात पोहणारा आणि धरणात पोहणारा यांतला फरकही समजून घ्या. आपल्या सावरकर जलतरण तलावात तळ दिसतो, कडा कधी फार लांब नसते आणि जीवरक्षक पाहत असतो. जलाशयात यांपैकी काहीच नसते. गाळ, बुडालेली खोडे, अचानक तुटणारा काठ हे वरून दिसत नाहीत. तलावात वीस फेऱ्या मारणारा येथे नवशिक्याच असतो.

मग पोहायचेच नाही का?

तसे नव्हे, पण रीतसर पोहावे. जेथे मनाईचा फलक आहे तेथे प्रश्नच नाही. रंधा धबधब्याखालच्या डोहाने आजवर अनेकांचे बळी घेतले आहेत, तेथे पाय बुडवण्याचाही मोह नको. धरणाची भिंत, दरवाजे आणि सांडवा यांच्या आसपासही उतरू नये. स्थानिक वाटाड्या "येथे उतरा" म्हणेल तेवढीच जागा आपली.

खाली आल्यावर निदान अर्धा-पाऊण तास सावलीत बसा. पाणी प्या, थोडे खा, घाम वाळू द्या. नाडी मोजा. मिनिटाला शंभरच्या खाली येऊन श्वास शांत झाला, की काठावर जा. उडी मारू नका. आधी पाय, मग हात, मान आणि छाती भिजवा. कंबरभर पाण्यात उभे राहून सावकाश श्वास सोडा आणि श्वास स्थिरावल्यावरच पुढे व्हा. छातीपेक्षा खोल जाऊ नका आणि काठाला समांतर पोहा. पोहता येणाऱ्यांनीही खुल्या पाण्यात जीवरक्षक जाकीट घालावे, त्यात कमीपणा नाही. पंधरा-वीस मिनिटे पुरेत. हुडहुडी भरली की लगेच बाहेर या, अंग कोरडे करा, कपडे बदला.

दर दोघांची एक जोडी करा आणि जोडीदाराने एकमेकांवर नजर ठेवा. पाण्याखाली कोण जास्त वेळ राहतो, अशा पैजा लावू नका. भराभर श्वास घेऊन बुडी मारणारा तरुण पाण्याखालीच बेशुद्ध पडू शकतो. दारू प्यायलेल्याला पाण्याजवळही फिरकू देऊ नका. फिट्स येणारे, कानाचा पडदा फाटलेले आणि हृदयविकाराचे रुग्ण यांनी काठावर बसून पाय भिजवावेत. आनंद तेवढाच मिळतो.

पावसाळ्यात मात्र धबधब्यात किंवा ओढ्यात उतरणे सर्वांनीच टाळावे. ऑगस्ट २०२२ मध्ये त्र्यंबकेश्वरजवळच्या दुगारवाडी धबधब्यावर अचानक पाणी वाढले, वीसहून अधिक पर्यटक अडकले आणि त्यांना अंधारात बाहेर काढावे लागले. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणाजवळच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. दोन्ही ठिकाणी लोक वाढत्या पाण्यात सापडले. पाऊस वर डोंगरात पडतो आणि खाली ऊन असतानाही लोंढा येतो. पाणी गढूळ होणे, त्यात पाने-काटक्या वाहून येणे, वरून घोंघाट ऐकू येणे ही त्याची चाहूल असते. सामान सोडून तत्क्षणी काठावर उंच चढावे.

बुडणारा ओरडत नाही

सिनेमात बुडणारा हात हलवतो, "वाचवा" म्हणतो. प्रत्यक्षात तोंड पाण्याच्या वरखाली होत असताना ओरडायला श्वासच नसतो. मान मागे झुकलेली, डोळे थिजलेले, शरीर उभे आणि आवाज नाही, अशी बुडणाऱ्याची लक्षणे असतात. एरवी कलकलाट करणारे पोर पाण्यात गप्प झाले, तर आधी तिकडे पाहा.

पोहण्याचा विश्वास असला तरी उडी घेऊ नका. बुडणारा मिठी मारतो आणि दोघेही जातात. काठी, दोर, ओढणी पुढे करा. रिकामा बंद डबा फेका.

बाहेर काढल्यावर पोट दाबणे, उलटे टांगणे किंवा खेड्यापाड्यांतल्या जुन्या चालीप्रमाणे कुंभाराच्या चाकावर फिरवणे, हे काहीही करू नका. त्यात मोलाची मिनिटे जातात आणि पोटातले अन्न श्वासनलिकेत शिरते. माणूस बेशुद्ध असेल आणि श्वास चालत नसेल, तर त्याला उताणा झोपवून हनुवटी वर करा. नाक चिमटीत धरून तोंडाने दोन ते पाच श्वास द्या. मग छातीच्या मध्यभागी दोन्ही तळव्यांनी मिनिटाला १०० ते १२० या गतीने, सुमारे पाच सेंटिमीटर खोल दाब द्या. तीस दाबांनंतर दोन श्वास, असा क्रम मदत येईपर्यंत चालू ठेवा. लहान मुलाला दाब बेताने द्यावा. श्वास चालू असेल तर कुशीवर वळवून ऊबदार ठेवा.

बुडता बुडता वाचलेल्याला तो ठणठणीत दिसला तरी डॉक्टरांना दाखवा. फुफ्फुसात गेलेल्या पाण्याचा त्रास काही तासांनी वाढू शकतो. आपल्या गृहस्थांनी रविवारची रात्र खोकत घरी काढली, ही त्यांची दुसरी चूक. घोटी आणि राजूर येथे ग्रामीण रुग्णालये आहेत, तेथेच त्यांनी जायला हवे होते.

आयोजकाला काय विचाराल?

साहसी पर्यटन करणाऱ्या संस्थांसाठी राज्य सरकारने २०२१ मध्ये धोरण जाहीर केले असून त्यात नोंदणी अपेक्षित आहे. पैसे भरण्यापूर्वी एवढे विचारा : नोंदणी आहे का? किती माणसांमागे एक वाटाड्या? तो स्थानिक आहे का? प्रथमोपचार आणि छातीवर दाब देणे कोणाला येते? जाकिटे आणि दोर आहेत का? परत निघण्याची वेळ ठरली आहे का? उत्तरे गुळमुळीत मिळाली, तर दुसरा आयोजक शोधा.

आणि वाटाड्या "नको" म्हणाला, तर ते ऐका. त्याच्या मजुरीत त्याचे पाय जसे येतात, तसा त्याचा नकारही येतो.

ते गृहस्थ जानेवारीत पुन्हा गेले. त्याच वाटाड्याला सांगून ठेवले होते. या वेळी डोंगर उतरल्यावर तासभर झाडाखाली बसले, भाकरी खाल्ली, मग जाकीट घालून कंबरभर पाण्यात उतरले. "पोहलो थोडेच," त्यांनी परत येऊन सांगितले, "पण घरी सांगण्यासारखा दिवस झाला."

वाचकांच्या शंका

*जेवल्यावर लगेच पोहले तर माणूस बुडतो का?*
हलके खाऊन उतरायला हरकत नाही. भरपेट जेवणानंतर मळमळ आणि जडपणा येतो, म्हणून तास-दीड तास थांबावे. बुडण्याचा खरा धोका दारू, थकवा आणि फाजील आत्मविश्वास यांतून असतो.

*सहलीहून आल्यावर आठवड्याने ताप आला, तर तो पाण्यामुळे असू शकतो का?*
असू शकतो. साचलेल्या किंवा गुरांच्या वावराच्या पाण्यातून, विशेषतः पायाला जखम असल्यास, लेप्टोस्पायरोसिस होऊ शकतो. ताप, अंगदुखी, लाल डोळे अशी लक्षणे असतात. "मी अमुक दिवशी अमुक पाण्यात उतरलो होतो" हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. वेळेवर औषध मिळाले तर हा आजार बरा होतो.

*आईचे वय ६२ आहे. तिला कळसूबाईला नेऊ का?*
वयापेक्षा सवय महत्त्वाची. त्या रोज तासभर चालत असतील आणि तपासणीत सर्व ठीक असेल, तर जरूर न्या. मात्र अर्ध्या वाटेवरून परत फिरण्याची तयारी सर्वांनी ठेवा. त्या थांबल्या, तर त्यांच्यासोबत एकाने थांबावे.

(पुढील आठवड्यात : थंडीतील सांधेदुखी)